मातीचे देणे

बंगळुरूसारख्या मोठ्या शहरात ज्याच्या गच्चीवर किंवा सज्जात एकही कुंडी नाही असे घर विरळाच. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, मिरची अशी झाडे हौसेने लावली जातात. पहिले वर्ष बरे जाते. पुढे मात्र पाने पिवळी पडू लागतात, फुले लहान येतात आणि घातलेले पाणी मातीत न मुरता कडेकडेने वाहून तळाच्या छिद्रातून बाहेर पडते. कुंडी उपडी केली, की मुळांनी जखडलेला विटेसारखा घट्ट गोळा हाती येतो. पुष्कळ जण ही माती निकामी झाली असे समजून ती टाकून देतात आणि रोपवाटिकेतून नवी माती विकत आणतात. जाणकार माणूस तसे करीत नाही. तो गोळा फोडतो, जाड मुळे वेचून काढतो, मातीत भाजीच्या देठांचे आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळतो, तिला सावलीत ओलसर ठेवतो आणि तीत थोडी गांडुळे सोडतो. काही आठवड्यांनी तीच माती पुन्हा भुसभुशीत आणि काळसर होते.

झाडाने मातीतून जे घेतले ते तिला परत मिळाले नाही, म्हणून ती थकली होती. कुंडीच्या बाबतीत ही गोष्ट लहान मुलालाही पटते. परंतु शेकडो एकरांच्या शेताला हाच न्याय लागू आहे, हे विद्वानांना पटवून देण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. जन्माने ते इंग्रज. परंतु त्यांचे खरे शिक्षण झाले बिहारच्या आणि माळव्याच्या शेतांत, आणि शिक्षक होते तेथील शेतकरी, ज्यांच्यातील बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. गाई-गुरे, पेरणी, कापणी यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. बुद्धी तल्लख असल्यामुळे ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि तेथून केंब्रिज विद्यापीठात गेले. १८९६ साली त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि पुढच्याच वर्षी कृषिशास्त्राची पदविकाही घेतली. शेतकऱ्याचा मुलगा शास्त्रज्ञ झाला खरा. पण ही दोन्ही अंगे त्यांच्या ठायी एकत्र नांदावीत यासाठी अजून काही वर्षे जावी लागणार होती.

१८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांवर गेले. पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे हे तेथील त्यांचे काम. दिवसभर ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पाने तपासत आणि मग ऊस व कोको पिकवणाऱ्यांना उपाय सांगत. लवकरच एक गोष्ट त्यांना बोचू लागली. ते ज्यांना सल्ला देत होते त्यांच्याजवळ जमीन होती, आणि त्यांच्या स्वतःजवळ एक वाफाही नव्हता. जो उपाय आपण स्वतः कधी करून पाहिला नाही, तो दुसऱ्याला कोणत्या अधिकाराने सांगायचा? रोगाचे नाव सांगता येते, त्याचा जंतू दाखवता येतो. परंतु एकाच बांधाच्या अलीकडे रोग पडतो आणि पलीकडे का पडत नाही, या प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर नव्हते.

१९०३ साली ते इंग्लंडला परतले आणि वाय येथील कृषी महाविद्यालयात रुजू झाले. तेथे हॉप नावाच्या वेलीवर त्यांना काम मिळाले. या वेलीची फुले बिअर तयार करताना वापरतात. त्या भागातील मळेवाले या वेलीची नर-रोपे उपटून टाकीत असत. हॉवर्ड यांनी नर-रोपे पुन्हा लावून परागीभवन होऊ दिले, तेव्हा फुलांची वाढ सुधारली आणि ती रोगांना अधिक तोंड देऊ लागली. निसर्गाची रीत मोडली की पीक दुबळे होते आणि ती पाळली की सावरते, हा धडा त्यांनी येथे गिरवला.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष ठरले. बिहारमधील पुसा येथे सरकारने नुकतीच एक मोठी कृषी संशोधन संस्था स्थापन केली होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या होत्या. वनस्पती हवेतून कार्बन कसा घेतात आणि तापमानाचा त्यावर काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे संशोधन लग्नापूर्वीच विद्वानांना माहीत झाले होते. त्या काळी सरकारी संशोधन संस्थेत स्त्रीला सहजासहजी जागा मिळत नसे. प्रारंभी त्यांनी पतीबरोबर काम केले, १९१० साली त्यांना मदतनिसाचे पद मिळाले आणि १९१३ साली त्या स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून नेमल्या गेल्या. यापुढील पंचवीस वर्षांत हॉवर्ड यांच्या नावावर जे काम जमा झाले, त्यातील मोठा वाटा गॅब्रिएल यांचा आहे, हे विसरता येणार नाही.

पुसा येथे हॉवर्ड यांनी आग्रह धरून पंचाहत्तर एकर जमीन स्वतःच्या ताब्यात घेतली. वेस्ट इंडीजमधली उणीव अशी भरून निघाली. आता या जमिनीत काय करायचे? साहेबाने यावे, नव्या पद्धतीचा नांगर दाखवावा आणि गावकऱ्यांना शहाणे करावे, अशीच अपेक्षा होती. हॉवर्ड यांनी वेगळा मार्ग धरला. संस्थेच्या कुंपणाबाहेर शेतकऱ्यांची पिके पाहत ते हिंडू लागले आणि त्यांना एक आश्चर्य दिसले. या शेतकऱ्यांजवळ औषधफवारणी नव्हती, विकतची खते नव्हती. तरीही त्यांच्या पिकांवर कीड आणि रोग फारच थोडे होते. तेव्हा या शेतकऱ्यांकडूनच शिकायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी आणखी एक गुरू केला, तो म्हणजे कीड. कीड पडली की ती मारण्याची घाई न करता, या पिकाच्या मुळाशी काय बिघडले आहे ते ती दाखवते आहे असे समजून ते जमीन उकरून पाहू लागले.

हे शिक्षण चार-पाच वर्षे चालले. शेतकरी सहसा एकटे पीक घेत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. मक्यात तूर, गव्हात हरभरा अशी धान्य आणि कडधान्य यांची जोडी ते लावत. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात, हे युरोपातील शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले होते. बिहारच्या शेतकऱ्याला त्यामागील कारण ठाऊक नसेल, पण रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पावसाळ्यात पाणी साचलेल्या जमिनीत मुळे गुदमरतात, मुळांना हवा लागते, म्हणून निचरा हवा. उन्हाळ्यात नांगरलेली जमीन तापू दिली की पुढचे पीक जोमाने येते. जमिनीत कुजलेला पाला-शेण असला की ओल टिकते, अशा गोष्टी हॉवर्ड दांपत्य पाहत आणि मुळे खणून, मोजून पडताळत गेले. १९१० च्या सुमारास त्यांच्या शेतात विकतच्या औषधांवाचून निरोगी पिके उभी राहू लागली.

मग त्यांनी गुरांकडे लक्ष वळवले. त्यांच्याजवळ औताच्या बैलांच्या सहा जोड्या होत्या. या बैलांना त्यांनी आपल्या शेतातील सकस वैरण दिली, स्वच्छ गोठा दिला. शेजारच्या शेतात लाळ्या-खुरकुताने आजारी पडलेली गुरे असत आणि दोन्हीकडची जनावरे बांधावर एकमेकांच्या नाकाला नाक लावत. तरीही आपल्या बैलांना हा रोग झाला नाही, असे हॉवर्ड यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या टीकाकारांनी या नोंदीवर पुढे पुष्कळ टीका केली, आणि ती अगदीच गैर नव्हती. बारा बैलांवरून सगळ्या गुरांविषयी नियम बांधता येत नाही. या रोगावर लसीकरण हाच आज विश्वसनीय उपाय आहे. मात्र मातीचे आरोग्य, पिकाचे आरोग्य आणि ते खाणाऱ्या प्राण्याचे आरोग्य ही एका साखळीतील कडी आहेत, हा विचार हॉवर्ड यांच्या मनात येथे रुजला तो कायमचा.

दरम्यान त्यांचे ठरलेले कामही चालूच होते. गव्हाच्या सुधारित जाती निवडून-पारखून त्यांनी तयार केल्या. त्यातील पुसा ४ आणि पुसा १२ या जाती विशेष गाजल्या. उन्हाळ्यात ते क्वेट्टा येथे जाऊन फळबागांवर प्रयोग करीत. मानसन्मान मिळाले. तरीही ते अस्वस्थ होते. पुसाच्या संस्थेत बुरशीचा तज्ज्ञ वेगळा, किडींचा वेगळा, रसायनाचा वेगळा आणि बियाण्याचा वेगळा अशी विभागणी होती. प्रत्येक जण आपापल्या खोलीत. झाड मात्र एकच असते आणि ते मातीत उभे असते. त्याचा सगळा संसार एका नजरेने पाहायचा तर या भिंती ओलांडल्या पाहिजेत, असे हॉवर्ड यांना वाटे. वरिष्ठांना ते पटण्यासारखे नव्हते. अखेर हॉवर्ड यांनी नवी संस्थाच उभारण्याचे ठरवले आणि त्यासाठी ते मध्य भारतातील संस्थानांकडे वळले.

ही संस्था इंदूरला उभी राहिली. होळकर संस्थानाने सुमारे तीनशे एकर जमीन दिली, कापूस-संशोधनासाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीने आणि इतर संस्थानांनी पैसा पुरवला. १९२४ पासून १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे संचालक होते. इंदूर हे होळकरांचे शहर. तेथे मराठी माणसांची वस्ती जुनी आणि मोठी. हॉवर्ड यांच्या सहकाऱ्यांत यशवंत वाड हे रसायनाची बाजू सांभाळणारे सहकारी होते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या इंदूर पद्धतीच्या पहिल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी लेखक म्हणून वाड यांचे नाव आहे. राज्यकर्त्या देशाच्या साहेबाने हाताखालच्या एतद्देशीय सहकाऱ्याला असे बरोबरीचे श्रेय देणे त्या काळी सर्रास घडत नव्हते. संस्थेच्या शेतावर राबणाऱ्या मजुरांना वेळच्या वेळी मजुरी मिळावी, पुरेशी विश्रांती मिळावी, याकडेही हॉवर्ड जातीने लक्ष देत.

माळव्याची काळी माती कसदार म्हणून प्रसिद्ध. पण शेतकऱ्याची अडचण जुनीच होती. शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जाळल्या जात, कारण दुसरे जळण नव्हते. शेतात जायला शेण थोडेच उरे. उकिरड्यावर जे साठे ते उन्हात वाळे, पावसात धुऊन जाई. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, तण, पालापाचोळा यांचे ढीग वाया जात. नुसता वाळका पाला जमिनीत गाडला तर उलटाच परिणाम होतो. तो कुजवताना जिवाणू जमिनीतील नायट्रोजन वापरून टाकतात आणि पीक उपाशी राहते. म्हणजे कुजण्याची क्रिया शेताबाहेर पुरी करून मगच ते खत शेतात घातले पाहिजे. हे कसे करावे याचा धागा हॉवर्ड यांना चीनमध्ये सापडला. अमेरिकन कृषितज्ज्ञ फ्रँकलिन किंग यांनी चीन, कोरिया आणि जपान येथील शेतीचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला होता. तो १९११ साली प्रसिद्ध झाला. तेथील शेतकरी गुरे फारशी न पाळताही काडीकचरा आणि मैला कुजवून शतकानुशतके जमिनीचा कस राखत आले होते.

चीनची ही रीत आणि भारतातील गोठा यांची सांगड घालून हॉवर्ड आणि वाड यांनी खत करण्याची एक निश्चित पद्धत बसवली. तिच्यात महागडे असे काहीच नव्हते. पऱ्हाट्यांसारखा कठीण माल शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवायचा. बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चुरला जाई. हा चुरा आणि इतर पालापाचोळा रात्री गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. सकाळी शेणमुताने भिजलेले ते अंथरूण उचलायचे, त्यात गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख मिसळायची. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल अशा खड्ड्यात तो माल थराथराने, न दाबता, सैल भरायचा. खड्डा उथळ ठेवायचा, कारण आत हवा खेळली पाहिजे. वरून शेणकाल्याचे पाणी शिंपडायचे आणि त्यात जुन्या खड्ड्यातले थोडे खत विरजणासारखे घालायचे.

यानंतरचे काम जिवाणू आणि बुरशी करीत. दोन-चार दिवसांतच खड्डा तापे. उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढे. त्या उष्णतेने तणांचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरून जात. पहिल्या पंधरवड्यात पांढऱ्या बुरशीचे जाळे दिसे. त्या सुमारास एकदा, पुढे महिन्याने आणि नंतर दोन महिन्यांनी अशी तीन वेळा खड्ड्याची खालवर करायची. सुमारे नव्वद दिवसांत हाती येई ते गडद रंगाचे, चुरचुरीत आणि पावसाने भिजलेल्या जमिनीसारखा वास असलेले खत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचे. पाणी जास्त झाले तर दुर्गंधी सुटे, कमी झाले तर कुजणे थांबे. बाकी सारा हिशोब हवा, ओल आणि शेण-पाल्याचे प्रमाण एवढ्याचाच होता.

१९३० साली जिनीव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून करायची कामे तशीच राहिली. १९३१ मध्ये हॉवर्ड भारत सोडून इंग्लंडला परतले. हॉवर्ड आणि वाड यांचा शेतातील टाकाऊ पदार्थांवरचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांची बहीण लुईस यांच्याशी विवाह केला. १९३४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. इंदूरचे खड्डे मात्र त्यांच्यामागे रिकामे राहिले नाहीत. १९३५ साली महात्मा गांधींनी इंदूरला जाऊन ते पाहिले आणि ग्रामसुधारणेच्या कार्यात या खताचा पुरस्कार केला. केनियातील कॉफीच्या मळ्यांपासून बंगालकडील चहाच्या मळ्यांपर्यंत ही पद्धत पोहोचली.

बंगळूर शहराचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर यांनी सांडपाण्याच्या आणि कचऱ्याच्या कुजण्यावर इंदूर पद्धतीच्या आधीच काम केले होते, आणि हॉवर्ड यांना ते माहीत होते. पुढे १९३९ मध्ये त्याच संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी इंदूर पद्धतीतली एक मोठी अडचण दूर केली. खेड्यात खड्ड्याची तीनदा खालवर करायला माणसे मिळत. शहरातला कचरा आणि मैला यांचा ढीग कोण उपसणार? आचार्यांनी खंदकात कचऱ्याचे आणि मैल्याचे थर आळीपाळीने भरून वरून मातीचे लिंपण केले आणि ते न हलवता सहा ते आठ महिने कुजू दिले. खत उशिरा तयार होते, पण श्रम आणि पाणी कमी लागते, आणि दुर्गंधीही आवरते. ही पद्धत बंगळूर पद्धत म्हणून ओळखली जाते. शेतीच्या पाठ्यपुस्तकांत इंदूर आणि बंगळूर ही दोन नावे तेव्हापासून शेजारी शेजारी असतात.

इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांची उतारवयातील वर्षे वादात गेली. १९३५ साली केंब्रिजच्या कृषी विभागापुढे, म्हणजे ज्या विद्यापीठाने त्यांना शास्त्रज्ञ केले तेथेच, त्यांनी इंदूर पद्धतीवर व्याख्यान दिले. तेथील अध्यापकांना ते मुळीच रुचले नाही. नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश मोजून दिले की पिकाची भूक भागते, हा तेव्हाचा पक्का सिद्धान्त होता. जमीन जिवंत आहे आणि तिला अन्न लागते, हे बोलणे त्यांना शेतकऱ्याच्या भोळ्या समजुतीसारखे वाटले. हॉवर्ड यांनी १९४० साली शेतीविषयक आपले सारे अनुभव एका ग्रंथात मांडले. पृथ्वीतून जे घेतले ते पृथ्वीला परत केले पाहिजे, या नियमावर तो उभा आहे. सेंद्रिय शेतीच्या चळवळीने पुढे हा ग्रंथ आधार म्हणून स्वीकारला.

त्यांचे सगळेच म्हणणे पुढे खरे ठरले असे नाही. रासायनिक खतांना त्यांनी केलेला विरोध टोकाचा होता. भारतासारख्या देशाला १९६० नंतर धान्याची जी भीषण टंचाई भेडसावत होती, ती दूर करण्यात या खतांचा वाटा होता हे नाकारता येत नाही. माणसाचे बहुतेक आजार निःसत्त्व मातीतून येतात, असेही ते म्हणत. त्याला पुरेसा पुरावा नव्हता. परंतु जमिनीत सेंद्रिय द्रव्य नसेल तर घातलेले रासायनिक खतही पिकाच्या नीट उपयोगी पडत नाही, ते पाण्याबरोबर वाहून जाते, हे कृषिशास्त्राने पुढे मान्य केले.

वयाच्या सत्तरीनंतर हॉवर्ड गांडुळांकडे वळले. खरे तर ते एका जुन्या ग्रंथाकडे वळले. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले होते. डार्विन यांनी आपल्या अभ्यासिकेत मातीने भरलेल्या कुंड्यांत गांडुळे पाळली होती. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, मोठमोठ्याने वाद्ये वाजवली, तरी ती हलली नाहीत. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच कंपन जाणवून ती झपकन बिळात शिरली. इंग्लंडमधील एक एकर जमिनीत गांडुळे वर्षाला दहा टनांहून अधिक माती पोटातून काढून वर आणून टाकतात, असा त्यांचा हिशोब होता. जगभरातून त्यांनी नमुने मागवले. बंगळूरच्या दक्षिणेकडील निलगिरी पर्वतावरून आलेल्या, गांडुळाने रचलेल्या मातीच्या मनोऱ्याचे चित्रही त्या पुस्तकात आहे. विद्वानांनी या पुस्तकाचे कौतुक केले आणि शेतीच्या संदर्भात ते विसरून गेले. १९४५ साली ते पुन्हा छापले गेले, तेव्हा त्याला हॉवर्ड यांनी प्रस्तावना लिहिली. आपण आयुष्यभर जे खत माणसाच्या हातून करवून घेतले, तेच काम गांडूळ जमिनीत न सांगता, न थकता करीत असते, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच सुमारास अमेरिकेतील एका संशोधन केंद्रात गांडुळांच्या विष्ठेची तपासणी झाली होती. भोवतालच्या वरच्या सहा इंच मातीच्या मानाने तिच्यात पिकाला घेता येईल असा नायट्रोजन पाचपट, फॉस्फरस सातपट आणि पोटॅश अकरापट आढळले. या आकड्यांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. गांडूळ काही नव्याने निर्माण करीत नाही. मातीत आणि पाल्यात जे अडकून पडलेले असते, ते त्याच्या पोटातून जाताना झाडाला घेता येईल अशा रूपात मोकळे होते. शिवाय त्याच्या बिळांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत जाते. म्हणून नुसत्या थकलेल्या मातीत गांडुळे सोडली तर ती मरतात किंवा निघून जातात. आधी कुजका पाला हवा, ओल हवी, सावली हवी. त्यातही ढीग तापलेला असताना गांडुळे टाकली तर ती उष्णतेने मरतात. ढीग निवला की मगच त्यांची पाळी येते. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात १९८० च्या सुमारास डॉ. राधा काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या जातीची गांडुळे कोणत्या कचऱ्यावर चांगली वाढतात याचा पद्धतशीर अभ्यास केला. शेतात खोल बिळे करणारी गांडुळे वेगळी आणि खतासाठी पाळायची, वरच्या पाल्यात राहणारी गांडुळे वेगळी, हे अशा अभ्यासांतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. कुंडीत सोडतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात; त्यामुळे कुंडीतला पाला संपला की तीही संपतात, आणि खत पुन्हा घालावे लागते.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडन येथे निधन झाले. ज्या देशाच्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू मानले, तो देश स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. लुईस यांनी त्यांच्या भारतातील कार्यावर एक पुस्तक लिहिले; ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. गॅब्रिएल यांनी पुसा, क्वेट्टा आणि इंदूर येथे केलेल्या कामाची सविस्तर नोंद त्यात आहे. पुसाची मूळ संस्था १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि दिल्लीला हलवली गेली. इंदूरला हॉवर्ड आणि वाड यांचे खड्डे जेथे होते, त्या जागी पुढे कृषी महाविद्यालय सुरू झाले.